युद्धकालीन ऐतिहासिक स्मृती

युद्धकालीन ऐतिहासिक स्मृती : युद्धाच्या काळात राज्यकर्ते, राजकीय पक्ष व त्यांचे प्रचारक समाजाच्या मनातील भूतकाळाच्या आठवणींना आवाहन करून त्यांतून अभिमान, शोक, द्वेष, भय, आशा इ. भावना जागृत करतात आणि त्या भावना युद्धप्रयत्नांच्या कामी लावतात. ह्या प्रक्रियेस ‘ऐतिहासिक स्मृतीचा युद्धकालीन वापर’ असे म्हटले जाते. इतिहास आणि ऐतिहासिक स्मृती ह्या दोन भिन्न गोष्टी होत. इतिहासकार पुराव्यांच्या आधारे गतकालाची चिकित्सा करतो. स्मृती मात्र निवड करते. ती काही प्रसंग उजळून दाखविते व काही झाकून ठेवते. व्यक्तीची स्मृतीदेखील समाजाने पुरविलेल्या चौकटीतच आकार घेते, हा विचार फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स (१८७७–१९४५) ह्याने १९२५ मध्ये पद्धतशीरपणे मांडला. पुढे बूखेनव्हाल्ट येथील नाझी छळछावणीत त्याचा अंत झाला.

ही प्रक्रिया जवळजवळ सर्वच देशांत आढळत असली, तरी तिचे सर्वांत विस्तृत आणि कागदोपत्री पुराव्यांनी उजेडात आलेले उदाहरण म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएट संघ होय (१९४१–४५). ज्या राजवटीने जुन्या रशियाच्या इतिहासाचा धिक्कार करून सत्ता मिळविली होती, तिनेच संकटकाळी त्या इतिहासातील राजपुत्र, सेनापती व संत ह्यांना साद घातली. त्यामुळे स्मृतीचा वापर कसा घडतो, तो कोठवर यशस्वी होतो आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे तीनही प्रश्न ह्या उदाहरणात स्पष्ट होतात.

पार्श्वभूमी : १९१७ च्या क्रांतीनंतरच्या पहिल्या दीड दशकात सोव्हिएट इतिहासलेखनावर मिखाईल पोक्रोव्स्की (१८६८–१९३२) ह्याच्या संप्रदायाचा पगडा होता. झारशाहीचा इतिहास म्हणजे पिळवणुकीचा व साम्राज्यविस्ताराचा इतिहास, असे हा संप्रदाय मानी. सेनापतींच्या पराक्रमाला त्यात स्थान नव्हते. नेपोलियनवरील विजयाचे स्मारक म्हणून मॉस्कोत उभारलेले ख्रिस्त तारणहाराचे कॅथीड्रल डिसेंबर १९३१ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आले. तांबड्या चौकाच्या मध्यभागी असलेला मीनीन व पोझार्स्की ह्यांचा पुतळाही त्याच सुमारास एका बाजूला हलविण्यात आला.

जर्मनीत नाझी पक्ष सत्तेवर आल्यावर हे धोरण पालटू लागले. मे १९३४ मधील एका निर्णयाने शाळांतून घटना, व्यक्ती व सनावळी ह्यांवर आधारलेला इतिहास पुन्हा शिकविला जाऊ लागला. १९३६ मध्ये द्येम्यान ब्येद्नी ह्या कवीने प्राचीन रशियन वीरांची टवाळी करणारी संहिता लिहिलेल्या एका संगीतिकेवर बंदी आली. १९३८ मध्ये सिर्गेई आयझेन्स्टाइन ह्याचा अलेक्झांडर नेव्हस्की हा चित्रपट प्रदर्शित झाला. तेराव्या शतकातील ट्यूटॉनिक सरदारांच्या पराभवाची ही कथा जर्मनीविरुद्धचा इशारा म्हणूनच रचलेली होती. तथापि ऑगस्ट १९३९ मध्ये जर्मनी व सोव्हिएट संघ ह्यांच्यात अनाक्रमणाचा करार होताच हा चित्रपट पडद्यावरून काढून घेण्यात आला. १९४० च्या अखेरीस त्याच आयझेन्स्टाइनने मॉस्कोच्या बल्शॉय रंगमंदिरात जर्मन संगीतकार व्हाग्नर ह्याची एक संगीतिका सादर केली. स्मृती कधी बोलेल व कधी मौन पाळेल, हे परराष्ट्रधोरण ठरवीत होते. २२ जून १९४१ नंतर हा चित्रपट पुन्हा देशभर दाखविला जाऊ लागला.

स्मृतीचे आवाहन : जर्मन आक्रमणाच्या दिवशी दुपारी परराष्ट्रमंत्री मॉलोटॉव्ह ह्याने आकाशवाणीवरून केलेल्या भाषणात १८१२ च्या ‘देशभक्तीच्या युद्धा’चा दाखला दिला. दुसऱ्याच दिवशी प्रवदा ह्या पक्षाच्या मुखपत्रातून ‘महान देशभक्तीचे युद्ध’ ही संज्ञा प्रचारात आली आणि पुढे तीच ह्या युद्धाचे अधिकृत नाव ठरली. ऑर्थोडॉक्स चर्चचा प्रमुख सेर्गिअस ह्याने तर २२ जूनलाच काढलेल्या संदेशात नेव्हस्की व दोन्स्कोय ह्यांचे स्मरण केले होते. खुद्द स्टालिन अकरा दिवस जनतेपुढे आला नाही. ३ जुलै रोजी तो बोलला, तेव्हा ‘सहकाऱ्यांनो’ ह्या नित्याच्या संबोधनापाठोपाठ त्याने ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ असेही शब्द वापरले. पक्षाच्या परिभाषेतून कुटुंबाच्या व चर्चच्या भाषेकडे झालेले हे वळण तत्कालीन श्रोत्यांच्या लक्षात राहिले.

जर्मन सैन्य मॉस्कोच्या उंबरठ्यावर आलेले असताना ७ नोव्हेंबर १९४१ रोजी तांबड्या चौकात क्रांतिदिनाचे संचलन झाले व तेथून अनेक तुकड्या थेट आघाडीवर रवाना झाल्या. त्यावेळच्या भाषणात स्टालिनने सहा पूर्वजांची नावे घेतली : पायपस सरोवरावर ट्यूटॉनिक सरदारांना हरविणारा अलेक्झांडर नेव्हस्की (१२४२), कुलिकोव्होच्या मैदानावर तातारांशी लढलेला दिमित्री दोन्स्कोय (१३८०), पोलिश फौजांना मॉस्कोतून हुसकावणारे कुझ्मा मीनीन आणि दिमित्री पोझार्स्की (१६१२), अठराव्या शतकातील सेनापती सुव्हॉरव्ह आणि नेपोलियनशी झुंजलेला कुटूझॉव्ह (१८१२). ह्या पूर्वजांच्या जोडीला लेनिनचा ध्वजही होताच. चौकात ह्या भाषणाचे ध्वनिसहित चित्रण होऊ शकले नाही, म्हणून क्रेमलिनच्या दालनात देखावा उभारून ते पुन्हा चित्रित करण्यात आले.

निवड व विस्मरण : ही नामावली तपासली असता निवडीचे तत्त्व ध्यानात येते. प्रत्येक नाव परकीय आक्रमकाशी निगडित आहे. अंतर्गत उठावांचा एकही नेता, उदा., राझिन किंवा पुगाचॉव्ह, तीत नाही. उलट पुगाचॉव्हच्या शेतकरी बंडाच्या बंदोबस्तात सहभागी झालेला आणि १७९४ मध्ये वॉर्साचे प्रागा उपनगर काबीज करताना ज्याच्या सैन्याने नागरिकांची कत्तल केली, तो सुव्हॉरव्ह तीत आहे. नेव्हस्कीने जर्मन सरदारांचा पराभव केला हे खरे. पण मंगोलांच्या सुवर्ण टोळीचे मांडलिकत्व त्याने पतकरले होते आणि मंगोलांची कर-गणना त्याने नॉव्हगरॉडच्या नागरिकांवर सक्तीने लादली, हा भाग वगळला गेला. कुलिकोव्होनंतर अवघ्या दोन वर्षांनी तोख्तामिश खानाने मॉस्को जाळले, ह्याचाही उच्चार झाला नाही. कुटूझॉव्हने मॉस्को शत्रूच्या हाती सोडले होते, ही गोष्ट तर १९४१ च्या शरद ऋतूत अत्यंत अडचणीची होती. १८१२ च्या स्वारीवर १९३८ मध्ये ग्रंथ लिहिणारा नामवंत इतिहासकार येव्गेनी तार्ले ह्याच्यावर, त्याने कुटूझॉव्हच्या कर्तृत्वास पुरेसा न्याय दिला नाही म्हणून, १९५१ मध्ये जाहीर टीका झाली.

भावनांचे संघटन : आवाहन केवळ भाषणांपुरते राहिले नाही, त्याला पदके, गणवेश, रस्त्यांची नावे व विधी ह्यांचे मूर्त रूप देण्यात आले. २८ जुलै १९४२ रोजी स्टालिनने २२७ क्रमांकाचा कुप्रसिद्ध आदेश काढला. त्यानुसार परवानगीवाचून माघार घेणे हा गुन्हा ठरला, शिक्षा झालेल्यांच्या स्वतंत्र तुकड्या उभारण्यात आल्या आणि पळणाऱ्यांना अडविण्यासाठी आघाडीच्या मागे पथके नेमण्यात आली. लगेच दुसऱ्या दिवशी, २९ जुलै रोजी, सुव्हॉरव्ह, कुटूझॉव्ह आणि नेव्हस्की ह्यांच्या नावांची तीन सेनापदके स्थापन झाली. दंडाचे भय आणि पूर्वजांच्या कीर्तीचे आकर्षण ही एकाच धोरणाची दोन अंगे होती. नेव्हस्कीचे समकालीन चित्र उपलब्ध नसल्याने पदकावर चित्रपटातील नट निकोलाय चेर्कासॉव्ह ह्याचा चेहरा कोरण्यात आला. म्हणजे चित्रपटाने घडविलेली प्रतिमाच राज्यमान्य स्मृती ठरली.

जानेवारी १९४३ मध्ये झारकालीन अधिकाऱ्यांची ओळख असलेल्या आणि क्रांतीनंतर तिरस्कृत ठरलेल्या खांद्यावरील पट्ट्या लाल सेनेत पुन्हा आल्या. नोव्हेंबर १९४३ मध्ये सामान्य सैनिकांसाठी स्थापन झालेल्या ‘कीर्तिपदका’ची नारिंगी-काळी फीत ही झारशाहीतील सेंट जॉर्ज पदकाच्या फितीवरून घेतलेली होती. १९४४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार चळवळीच्या गीताची जागा नव्या राष्ट्रगीताने घेतली. लेनिनग्राडचा वेढा पुरता उठण्यापूर्वीच, जानेवारी १९४४ मध्ये, नेव्हस्की प्रॉस्पेक्ट ह्या मुख्य हमरस्त्यासह शहरातील अनेक स्थळांना त्यांची क्रांतिपूर्व नावे परत देण्यात आली.

चर्चशी झालेला समझोता हा ह्याच धोरणाचा भाग होय. ४ सप्टेंबर १९४३ रोजी स्टालिनने तीन वरिष्ठ धर्मगुरूंना क्रेमलिनमध्ये बोलावून घेतले आणि चारच दिवसांनी सेर्गिअसची कुलगुरुपदी (पेट्रिआर्क) निवड झाली. जर्मनव्याप्त प्रदेशांत चर्च पुन्हा उघडली होती व तेथील भाविकांना आपल्याकडे वळविणे आवश्यक होते. तसेच मित्रराष्ट्रांतील लोकमताचाही विचार ह्यामागे होता. भाविकांच्या देणग्यांतून उभारलेले, दिमित्री दोन्स्कोयचे नाव दिलेले रणगाडादल १९४४ मध्ये लाल सेनेच्या स्वाधीन करण्यात आले.

अभिमानाच्या बरोबरीने शोक व द्वेष ह्यांचेही संघटन झाले. इराक्ली तोईद्झे ह्याच्या १९४१ मधील भित्तिपत्रकात मातृभूमी ही हात उंचावून पुत्रांना हाक देणाऱ्या आईच्या रूपात अवतरली. इल्या एरेनबुर्ग, कन्स्तान्तीन सीमोनॉव्ह व मिखाईल शोलोखॉव्ह ह्यांच्या लेखनाने आघाडीवर जर्मनांविषयी तीव्र सूडभावना चेतविली. ह्या भावनेस नाझी सैन्याच्या अत्याचारांचा भक्कम आधार होता. परंतु चेतविलेला द्वेष राज्याच्या गरजेप्रमाणे आवरता येतोच असे नाही. लाल सेना जर्मनीत शिरल्यावर नागरी वस्तीवर, विशेषतः स्त्रियांवर, मोठ्या प्रमाणात अत्याचार झाले. एप्रिल १९४५ मध्ये प्रवदाने एरेनबुर्ग विषयाचे सुलभीकरण करीत आहे, अशी टीका प्रसिद्ध केली. कारण आता पराभूत जर्मनांशी व्यवहार करावयाचा होता.

नव्या स्मृतींची निर्मिती : जुन्या वीरांबरोबर समकालीन वीरकथाही रचल्या गेल्या. मॉस्कोजवळील पेत्रिश्चेव्हो खेड्यात फाशी दिलेल्या झोया कस्मदिम्यान्स्काया ह्या अठरा वर्षांच्या मुलीची हकीकत जानेवारी १९४२ मध्ये प्रसिद्ध होताच ती हौतात्म्याचे प्रतीक बनली. दुबोसेकोव्हो येथे १६ नोव्हेंबर १९४१ रोजी पान्फीलॉव्हच्या तुकडीतील २८ सैनिकांनी अनेक रणगाडे रोखून धरले व सर्वजण धारातीर्थी पडले, ही कथा लष्कराच्या वृत्तपत्राने प्रसृत केली. लष्करी अभियोक्त्यांनी १९४८ मध्ये केलेल्या चौकशीत ती वार्ताहरांनी रचलेली असल्याचे निष्पन्न झाले. त्या २८ जणांपैकी काही जिवंत होते व एकाने नंतर जर्मनांच्या पोलीस दलात चाकरीही केली होती. चौकशीचा अहवाल मात्र गुप्त राहिला आणि १९७५ मध्ये त्या जागी भव्य स्मारक उभे राहिले. दुबोसेकोव्होच्या परिसरात पान्फीलॉव्हच्या सैनिकांनी निकराची लढाई दिली आणि शेकडो सैनिक तेथे कामी आले, हे ऐतिहासिक सत्य आहे. दंतकथेने त्यांच्यातील बहुतेकांची नावे झाकून टाकली.

स्मृतींचा संघर्ष : सोव्हिएट संघ बहुराष्ट्रीय होता आणि एकाचा वीर तो दुसऱ्याचा जुलमी, ही अडचण लवकरच पुढे आली. युक्रेनच्या मुक्ततेच्या वेळी, ऑक्टोबर १९४३ मध्ये, बोग्दान ख्मेल्नित्स्की ह्या सतराव्या शतकातील कोसॅक नेत्याच्या नावे पदक सुरू झाले. युक्रेनियनांना तो प्रिय होता. पण १६४८ च्या उठावातील ज्यूंच्या कत्तलींमुळे ज्यू समाजाच्या स्मृतीत त्याचे नाव काळ्या अक्षरांत नोंदले गेले होते. युक्रेनच्या यातनांवर अलेक्सांद्र दोव्झेन्को ह्याने लिहिलेल्या चित्रपटकथेवर १९४४ च्या आरंभी बंदी आली. झारशाहीविरुद्धच्या कझाक उठावांचा गौरव करणारा १९४३ मधील कझाकस्तानचा इतिहास दोषार्ह ठरला. ऑगस्ट १९४४ मध्ये पक्षाने तातार इतिहासकारांना सुवर्ण टोळीचा व एदिगे ह्या वीराच्या महाकाव्याचा गौरव करण्याबद्दल समज दिली. ज्यांच्या पूर्वजांशी दोन्स्कोय लढला, तेच तातार त्यावेळी लाल सेनेत लढत होते.

ज्यांना शत्रूचे हस्तक ठरविले गेले, त्यांच्या स्मृतीचाच उच्छेद करण्यात आला. २३ फेब्रुवारी १९४४ ह्या लाल सेनादिनी चेचेन व इंगुश लोकांच्या हद्दपारीस सुरुवात होऊन सु. पाच लाख लोकांना मध्य आशियात पाठविण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात क्रिमियातील सु. १ लाख ९० हजार तातारांवर तीच पाळी आली. लाल सेनेत लढत असलेले त्यांचे सैनिकही पुढे सेवेतून काढून हद्दपार करण्यात आले. त्यानंतर क्रिमियातील तातार ग्रामनामे पुसून त्या जागी रशियन नावे घालण्यात आली. ज्यूंच्या संहाराची साधने एकत्र करणारा, एरेनबुर्ग व व्हसीली ग्रोसमन ह्यांनी संपादिलेला ग्रंथ छापखान्यातच थांबविण्यात आला आणि ह्या कामाशी निगडित असलेल्या ज्यू फॅसिस्टविरोधी समितीच्या प्रमुख सदस्यांना ऑगस्ट १९५२ मध्ये देहान्ताची शिक्षा देण्यात आली.

प्रतिपक्ष : जर्मनीनेही हेच साधन वापरले. सोव्हिएट संघावरील स्वारीस हिटलरने बाराव्या शतकातील सम्राट पहिला फ्रीड्रिख ह्याचे ‘बार्बारोसा’ हे टोपणनाव दिले. प्रचारमंत्री गोबेल्स ह्याने प्रशियाचा दुसरा फ्रीड्रिख ह्याच्यावरील चित्रपटास १९४२ मध्ये मोठी प्रसिद्धी दिली. १८०७ मध्ये कोलबर्ग शहराने फ्रेंचांना दिलेल्या झुंजीवर प्रचंड खर्च करून काढलेला चित्रपट जानेवारी १९४५ मध्ये प्रदर्शित झाला; मार्चमध्ये प्रत्यक्ष कोलबर्ग पडले, तेव्हा ती बातमी गोबेल्सने दडवली. एप्रिलमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट निधन पावले, तेव्हा १७६२ मध्ये रशियाच्या सम्राज्ञीच्या मृत्यूने फ्रीड्रिख जसा बचावला, तसाच चमत्कार आता घडेल, अशी आशा बर्लिनच्या तळघरात बाळगली गेली. प्रचारकच आपल्या प्रचाराच्या आहारी जाऊ शकतो, ह्याचे हे बोलके उदाहरण होय.

महाराष्ट्रातील पडसाद : ह्या युद्धाचे पडसाद मराठी लोकवाङ्‌मयातही उमटले. अण्णाभाऊ साठे (१९२०–६९) ह्यांनी स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला. शिवकालापासून वीरस्मृती जपणारा हा काव्यप्रकार दूरच्या व्होल्गाकाठच्या रणसंग्रामासाठी वापरला गेल्याने ती लढाई मुंबईच्या गिरणगावातील श्रोत्यांना आपलीशी वाटली. ह्याच सुमारास देशात ‘छोडो भारत’ आंदोलन चालू होते आणि युद्धाला ‘लोकयुद्ध’ मानण्याच्या साम्यवादी पक्षाच्या भूमिकेवर राष्ट्रीय चळवळीतून कडक टीका होत होती.

युद्धोत्तर काळ : विजयानंतर स्मृतीचे नियंत्रण अधिकच कडक झाले. २४ मे १९४५ च्या मेजवानीत स्टालिनने रशियन जनतेस संघातील अग्रगण्य राष्ट्र म्हणून गौरविले. इतरांचा वाटा मागे पडला. १९४७ च्या अखेरीस विजयदिनाची सुटी रद्द झाली. वेढ्यात कित्येक लक्ष नागरिक भुकेने मेलेल्या लेनिनग्राडने आपल्या स्मृतींचे जे संग्रहालय उभारले होते, ते १९४९ मध्ये बंद करण्यात आले आणि शहराच्या युद्धकालीन नेत्यांपैकी काहींना १९५० मध्ये मृत्युदंड झाला. स्वतःच्या बळावर तगून राहिल्याची शहराची आठवण मध्यवर्ती सत्तेला धोकादायक वाटली. मृतांचा आकडा स्टालिनने १९४६ मध्ये ७० लाख सांगितला. ख्रुश्चॉव्हच्या काळात तो २ कोटींवर गेला आणि १९९० मध्ये सु. २ कोटी ७० लाख ही संख्या अधिकृतपणे मान्य झाली. विजयदिनाची सुटी १९६५ मध्ये ब्रेझन्येव्हने पुन्हा सुरू केली.

सोव्हिएट संघाच्या विघटनानंतरही ह्या स्मृतीचे राजकीय सामर्थ्य ओसरले नाही. नारिंगी-काळी फीत २००५ पासून सार्वजनिक विजयचिन्ह बनली. जुलै २०२१ मध्ये रशियाचे राष्ट्राध्यक्ष पूतिन ह्यांनी रशियन व युक्रेनियन हे ऐतिहासिक दृष्ट्या एकच लोक आहेत, असे प्रतिपादन करणारा लेख प्रसिद्ध केला आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरील आक्रमणाचे समर्थन करताना नाझीविरोधी युद्धाच्या परिभाषेचा आधार घेतला. स्टालिनकालीन बळींच्या नोंदी जपणारी ‘मेमोरियल’ ही संस्था त्यापूर्वी दोनच महिने रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने विसर्जित केली होती. युक्रेनने २०२३ मध्ये आपला स्मृतिदिन ९ मेऐवजी ८ मे रोजी पाळण्याचा कायदा केला. एकाच सैन्यात खांद्याला खांदा लावून लढलेल्यांचे वंशज त्यांच्या स्मृतीचा दाखला देत परस्परांविरुद्ध उभे राहिले.

मूल्यमापन : सोव्हिएट प्रचाराच्या यशाची तीन कारणे दिसतात. संकट खरे होते व नाझींच्या क्रौर्याने प्रचाराचे म्हणणे प्रत्ययास आणून दिले. आवाहन केलेल्या स्मृती पाठ्यपुस्तके, टॉलस्टॉयची युद्ध आणि शांती ही कादंबरी, चित्रपट व धार्मिक परंपरा ह्यांमुळे लोकांच्या मनात आधीपासून वसत होत्या. तिसरे म्हणजे माहितीच्या सर्व साधनांवर राज्याची मक्तेदारी होती. तथापि लोक केवळ प्रचारामुळे लढले, हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. घर, कुटुंब, जळालेली गावे, मारले गेलेले सोबती आणि युद्धानंतर राजवट सौम्य होईल ही आशा, ह्या प्रेरणा स्वतंत्र होत्या. राज्याने त्यांना पूर्वजांची नावे पुरविली. ह्यांपैकी अखेरची आशा फलद्रूप झाली नाही. स्मृती रणांगणावर बळ देते. पण तिचे व्यवस्थापन एकदा राज्याच्या हाती गेले, की ज्यांनी यातना भोगल्या त्यांनाच आपली आठवण सांगण्यास परवानगी मागावी लागते. लेनिनग्राडचे बंद झालेले संग्रहालय आणि क्रिमियातील पुसलेली ग्रामनामे ह्याची साक्ष देतात.